युद्धकाळातलं पोस्टर घ्यायचंय? खर्च असा धरा

पुण्यात मंडईच्या आसपासचे वाडे पाडले जातात तेव्हा ट्रंकांतले कागद रद्दीत जातात आणि त्यातलं निवडक बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात येतं. अशा गठ्ठ्यात 1917 च्या वॉर लोनचं, 1942 नंतरच्या नॅशनल वॉर फ्रंटचं किंवा 1962 च्या राष्ट्रीय संरक्षण निधीचं पोस्टर निघू शकतं. त्याला ठरलेला भाव नाही. विकणारा सांगेल तो आकडा, पुढे तुमची घासाघीस. म्हणून कमाल रक्कम घरीच ठरवून निघा.

परदेशी पोस्टरांच्या लिलावांचे जुने निकाल पाहता येतात. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी लिबर्टी लोनची सर्वसाधारण पोस्टरं शंभर ते तीनशे डॉलरांच्या आसपास मिळतात. चित्रकार जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांचं, बोट रोखलेलं ‘अंकल सॅम’ 40 लाखांवर छापलं गेलं, तरी मूळ प्रत हजारो डॉलरांना जाते. भाव मागणीवर चढतो, नुसत्या वयावर नाही. समजा, बोली 200 डॉलरला तुटली. 25 टक्के खरेदीदार शुल्क धरून 250 झाले. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 22,500 रुपये. वर टपाल, कस्टम ड्युटी, जीएसटी. बोलीच्या दीडपट पैसे हाताशी नसतील तर बोली लावू नका.

नक्कल ओळखायला चांगलं भिंग घ्या. या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च हाच. जुन्या लिथोत रंग सलग किंवा दाणेदार दिसतो, आजच्या छपाईत एकसारखे बारीक ठिपके. दुसऱ्या महायुद्धातल्या अस्सल प्रतींतही ठिपके असतात, म्हणून कागद, घड्या आणि खालच्या कडेचं छापखान्याचं नावही पाहा. माप तंतोतंत ए-3 भरलं तर सावध व्हा. ब्रिटिश पोस्टरांचं नेहमीचं माप 20 बाय 30 इंच. फक्त भिंत सजवायची असेल तर नवी प्रत काही शे रुपयांत मिळते, आणि त्यात गैर काहीच नाही.

खरा खर्च पुढे असतो. 20 बाय 30 ची चौकट म्हणजे 100 इंच, 8 फूट 4 इंच. फ्रेमवाल्याचा फुटाचा दर त्याने गुणा. आम्लविरहित पुठ्ठा आणि अतिनील किरणं अडवणारी काच मागा, महाग पडली तरी. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन अजिबात नको. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर पोस्टर टांगू नका. कसर आणि बुरशी दोन्ही लागतात.

शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलांना भेट द्यायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि तुमचाच वाडा पुनर्विकासाला जात असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी माळ्यावरचं सामान स्वतः उतरवून पाहा. काही सापडलं तर ते कोणत्या पेठेतल्या, कोणाच्या घरातलं, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.