महागड्या केबलने गाणं रुंदावतं का?

प्रश्न : दुकानात वीस हजारांच्या स्पीकर केबलवर पं. द. वि. पलुस्करांचं गाणं ऐकवलं. 'आवाज रुंदावला' असं विक्रेता म्हणाला, मलाही पटलं. घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नका. पलुस्कर नाशिकचेच, जन्म १९२१चा. १९५५मध्ये ते गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८च्या सुमारास. म्हणजे ते ध्वनिमुद्रण मोनो. दोन्ही स्पीकरमधून एकच सिग्नल येतो. केबल त्यात रुंदी कुठून आणणार? किंमत आधी कळली की कान तिच्याकडे झुकतो, आणि आवाज डेसिबलभर चढला तरी सरस वाटतो. विकत घेण्याआधी कुणाला तरी तुमच्या नकळत केबल बदलायला सांगा, आवाज तेवढाच ठेवून, दहा-बारा वेळा. ओळखता आली नाही, तर तांब्याची साधी जाड वायर पुरे. उरलेले पैसे खोलीच्या जाड पडद्यांवर आणि गालिच्यावर घाला. तिथे फरक खरोखर ऐकू येतो.