नांगर आणि डॉल्फिन

नाण्यावरील मुद्रेवरून नाणे कोणाचे, हे ओळखता येते. पंधराव्या शतकात युरोपात छापखाने निघाले, तेव्हा मुद्रकांनाही अशा खुणेची गरज भासू लागली. जर्मनीतील माइन्झ येथे फुस्ट व शफर यांनी १४६२ साली छापलेल्या बायबलाच्या शेवटी, फांदीला टांगलेल्या दोन ढालींचे चिन्ह आढळते. पुढे अशी चिन्हे पुष्कळ झाली; परंतु विशेष कीर्ती मिळाली ती व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या चिन्हाला.

आल्डस हा मुळात शिक्षक. जुने ग्रीक ग्रंथ शुद्ध स्वरूपात वाचकांच्या हाती पडावेत, या ध्यासाने त्याने छापखाना काढला. पिएत्रो बेंबो या विद्वान मित्राने त्याला एक प्राचीन रोमन नाणे भेट दिले होते. सम्राट टायटसच्या काळातील त्या चांदीच्या नाण्यावर, नांगराला वेढा घातलेला डॉल्फिन होता. १५०२ साली आल्डसने तेच चित्र आपले चिन्ह म्हणून छापले.

डॉल्फिन हा चपळ जलचर; नांगर गलबताला जागच्या जागी खिळवून ठेवतो. दोहोंचा मिळून अर्थ होतो, 'त्वरा कर, पण सावकाश.' मुद्रकाला हे वचन पदोपदी उपयोगी. काम रेंगाळले, तर मजुरीचा भार वाढतो. घाई केली, तर एक चुकीचा खिळा शेकडो प्रतींत तीच चूक उमटवतो.

आल्डस १५१५ साली वारला. पुढे फ्लॉरेन्सच्या काही मुद्रकांनी त्याच्या ग्रंथांबरोबर त्याचे चिन्हही उचलले. तेव्हा १५१८ साली त्याच्या छापखान्याच्या वारसांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेतून वाचकांना सावध केले : आमच्या डॉल्फिनचे तोंड उजवीकडे आहे; त्यांच्या डॉल्फिनचे डावीकडे ! ठशावर चित्र सुलट कोरले, की कागदावर ते उलट उमटते. नक्कल करणाऱ्यांना कदाचित याचाच विसर पडला असावा.

चित्र उचलता येते. त्यामागची दक्षता उचलता येत नाही. मुलांनो, निबंधाखाली तुम्ही आपले नाव लिहिता, तेही एक प्रकारे तुमचे चिन्हच होय. ते लिहिण्यापूर्वी निबंध एकवार वाचून पाहावा.

स्वाध्याय
१. आल्डसला आपले चिन्ह कोठून मिळाले ?
२. नांगर व डॉल्फिन ही कशाकशाची प्रतीके आहेत ?
३. खोटे चिन्ह कसे ओळखता येई ?
४. तुमच्या शाळेच्या चिन्हाचा अर्थ पाच ओळींत लिहा.