आतलं चाक नुसतंच का फिरतं?

थर्ड इयरला ‘डिफरन्शियलचे कार्य आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न मी आठ मार्कांना लिहिला होता आणि सात मिळाले होते. सहा महिन्यांनी आमची फॉर्म्युला स्टुडंट गाडी ग्राउंडवर चुन्याने आखलेल्या वर्तुळातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक गरागरा फिरवत, धूर काढत रेंगाळली, तेव्हा ते सात मार्क परत करावेत असं वाटलं. इंजिन ओरडतंय, ड्रायव्हर ओरडतोय, आणि गाडी पुढे जाईना! बघायला आलेल्या सिव्हिलच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, ते वेगळंच.

गाडीत रिक्षाचं साधं डिफरन्शियल होतं. स्वस्त, हलकं आणि भंगारात सहज मिळणारं. पुढच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी घालायचं ठरलं आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. ज्युनिअर्सना पुन्हा तीच भांडणं करावी लागू नयेत म्हणून हा लेख.

आधी मुळात डिफरन्शियल लागतंच कशाला? स्पर्धेतल्या स्किडपॅडचं आतलं वर्तुळ 15.25 मीटर व्यासाचं आणि रस्ता 3 मीटर रुंद. म्हणजे गाडीच्या मध्यरेषेची त्रिज्या साधारण 9.1 मीटर. मागच्या दोन चाकांत 1.2 मीटर अंतर धरलं, तर एका फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेसात मीटर जास्त पळतं. हायवेच्या लांबलचक वळणावर हा फरक नगण्य असतो, पण आपल्या ट्रॅकवर तो जवळपास 13 टक्के होतो. म्हणून ‘दोन्ही चाकं सरळ वेल्ड करून टाकू’ असं म्हणणाऱ्या सीनिअरला (दर वर्षी एक तरी असतोच) हा आकडा दाखवावा.

साधं डिफरन्शियल वेगातला फरक छान सांभाळतं, पण दोन्ही चाकांना टॉर्क मात्र सारखाच देतं. गोम इथेच आहे. ड्रायव्हरसकट गाडी 300 किलो, त्यातले 55 टक्के म्हणजे 165 किलो मागे. गुरुत्वमध्य जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि वळणात 1.2 जी धरा. तर 300 × 1.2 × 0.3 ÷ 1.2 म्हणजे 90 किलो वजन आतून बाहेर सरकतं. त्यातलं निम्मं मागच्या अॅक्सलवर धरलं, तर आतल्या चाकावर उरतात 37.5 किलो आणि बाहेरच्यावर जातात 127.5. आतलं चाक जेवढा टॉर्क पेलेल तेवढाच बाहेरच्याला मिळणार. म्हणजे 165 पैकी दुप्पट 37.5, फक्त 75 किलोची ग्रिप कामाला आली. निम्मीसुद्धा नाही. (आडव्या ग्रिपचा वाटा मी सोडून दिलाय, हिशेब ढोबळ आहे, पण तुलनेला पुरतो.) जड गाडीतही वजन असंच सरकतं. पण आपल्या गाडीला वजनाच्या मानाने ताकद भरपूर आणि वळणं सगळी घट्ट, म्हणून दुखणं लगेच दिसतं.

आता पर्याय. पहिला स्पूल, म्हणजे डिफरन्शियलच नाही. गावाकडे ट्रॅक्टर चालवलेल्यांना डिफरन्शियल लॉकचं पेडल माहीत असेल: एक चाक चिखलात रुतलं की दाबायचं आणि वळण्याआधी आठवणीने सोडायचं. स्पूलमध्ये ते पेडल कायमचं दाबलेलं. गाडी नाक सरळ धरून बसते, वळायलाच तयार नाही. गो-कार्टमध्ये हे चालतं, कारण स्टिअरिंग फिरवलं की तिथे आतलं मागचं चाक मुद्दाम उचललं जातं. विस्कस प्रकारात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. 1989 ची पहिली माझदा एमएक्स-5, तीही हलकी आणि रिअर व्हील ड्राइव्ह, पर्याय म्हणून हे घेऊन यायची. पण चाकांच्या वेगात फरक पडल्यावर ते जागं होतं, म्हणजे चाक घसरल्यानंतर. 1.8 लिटरचं इंजिन आल्यावर माझदाने त्या जागी टॉर्सन आणलं.

टॉर्सनवर आमच्या रूमचा फार जीव होता. सगळं गिअरचं काम, प्लेटा झिजायची भानगड नाही, आणि घसरण्याआधीच टॉर्क वाटला जातो. टॉर्क बायस रेशो 2.5 असेल तर बाहेरच्या चाकाला आतल्याच्या अडीचपट मिळू शकतो. वरच्या हिशेबात 37.5 × 3.5, म्हणजे 131 किलो. 75 वरून 131! ऑर्डर द्यायचीच बाकी होती. तेवढ्यात रूममेटने मोबाईलवरचा जुना व्हिडिओ थांबवून दाखवला: वळणात आतलं मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर. शून्याला अडीचने गुणलं तरी शून्यच. चाक हवेत असेल तर टॉर्सन साध्या डिफरन्शियलसारखंच वागतं.

रात्री दोन वाजता, मेसमधून आणलेल्या थंड पोह्यांवर, प्लेटांचा प्रकार पुन्हा चर्चेला आला. त्यात आडव्या पिनची टोकं दोन प्रेशर रिंगच्या उतारांमध्ये बसलेली असतात. टॉर्क आला की पिन उतारावर चढू पाहते, रिंगा दूर ढकलल्या जातात आणि प्लेटा आवळल्या जातात. उताराचा कोन बदलला की लॉक बदलतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक, सोडल्यावर दुसरा असे वेगळे कोन ठेवता येतात. पण खरं सांगायचं तर हे उतारही येणाऱ्या टॉर्कवरच चालतात. चाक उचललेलं असताना वाचवतो तो स्प्रिंगचा प्रीलोड: प्लेटा आधीच थोड्या दाबून ठेवलेल्या. आम्ही हाच प्रकार घेतला. कस्टम ड्यूटी धरून बिल आलं तेव्हा प्रत्येकाने एका महिन्याचं मेस बिल टीमला दिलं.

आणि तरीही पहिल्या टेस्टला गाडी वळेना! चूक माझी होती. ‘जास्त म्हणजे चांगलं’ म्हणून मी प्रीलोड भरपूर ठेवला होता, म्हणजे पैसे भरून अर्धा स्पूलच आणला. प्रीलोड कमी केला. शिवाय मागचा अँटी-रोल बार काढून टाकला, त्यामुळे चाक उचलणंच बरंच थांबलं. हे आधी केलं असतं तर कदाचित टॉर्सनही चाललं असतं. ज्युनिअर्सनी डिफरन्शियलचा कॅटलॉग उघडण्याआधी गाडीचं मागचं टोक वळणात कसं वागतं याचा व्हिडिओ काढावा; आम्ही उलट्या क्रमाने गेलो.

प्रीलोड मोजायला लॅबची गरज नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर टेकलेलं. वर असलेल्या हबच्या नटावर टॉर्क रेंच लावा आणि चाक हलायला लागेल तो आकडा लिहा. आमचा आकडा वर्कशॉपच्या कपाटात आतल्या बाजूला खडूने लिहिलाय. सेमिस्टर सुरू झाल्यावर कोणीतरी तो पुन्हा मोजा. प्लेटा झिजल्या असतील तर नवा आकडा कमी येईल. जादा शिम खालच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात आहेत.