अंगमर्दन : प्रकार, उपयोग व मर्यादा

थकलेल्या अंगावरून मायेचा हात फिरला कीं शीण उतरतो, हा अनुभव लहानथोर सर्वांस आहे. आजीचे पाय नातवंडें चेपतात, मुलाचें डोकें दुखूं लागलें म्हणजे आई कपाळ दाबून देते, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर तेल व उटणें लावून अभ्यंगस्नान होतें. परंतु ज्या गोष्टी नित्याच्या असतात त्यांचा विचार आपण बहुधा करीत नाहीं. मर्दनाचे प्रकार कोणते, त्यानें शरीरावर काय घडतें, आणि हात कोठें आवरावा, ह्या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथें संक्षेपानें करणार आहों. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. कारण मर्दनानें सुख होतें हें सर्व जाणतात, परंतु अस्थानीं केलेल्या मर्दनानें अपाय होतो हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

मर्दनाच्या पद्धतींचीं नांवें अनेक असलीं तरी हाताच्या मूळ क्रिया थोड्याच आहेत. सबंध तळहात टेकून लांबवर फिरविणें ही पहिली. कणीक तिंबावी त्याप्रमाणें मांसल भाग धरून मळणें ही दुसरी. अंगठ्यानें एका जागीं लहान वर्तुळें काढीत रगडणें ही तिसरी, आणि हातांनीं थोपटणें ही चौथी. ह्या क्रियांची व्यवस्थित मांडणी करण्याचें श्रेय ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान गेऑर्ग मेझ्गर (१८३८-१९०९) ह्यांच्याकडे जातें. ह्या पद्धतीस आज ‘स्वीडिश मालिश’ म्हणतात, व ती स्टॉकहोम येथें १८१३ सालीं व्यायामविद्येची संस्था स्थापणारे पेर हेन्रिक लिंग ह्यांची, असा समज आहे. परंतु लिंग ह्यांचें मुख्य कार्य व्यायामाचें होतें.

आपल्या देशांत ही विद्या फार प्राचीन आहे. घडा, कातडें व गाडीचा आंस हे तेलानें जसे बळकट होतात तसें शरीरही होतें, असा दृष्टांत चरकसंहितेंत आहे. वाग्भटाचार्य नित्य अभ्यंग करावा असें सांगतात, आणि लागलीच तो कोणीं करूं नये हेंही सांगतात; कफानें पीडलेला, नुकतेंच शोधन झालेला व अजीर्ण झालेला ह्यांस त्यांनीं तो वर्ज्य केला आहे. विधीबरोबर निषेध सांगणें हें खऱ्या शास्त्राचें लक्षण होय.

पुढें प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या रीती पडल्या. कोल्हापूरच्या तालमींत पहिलवान मेहनतीनंतर एकमेकांचें अंग रगडतात. केरळांत कळरिपयट्टु ही युद्धकला शिकणाऱ्यांच्या अंगास तेल लावून, वर टांगलेल्या दोराचा आधार घेऊन, गुरु पायांनीं मर्दन करतो. चंपी तर समुद्रापार गेली. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेले शेख दीन मुहम्मद ह्यांनीं इंग्लंडांत ब्रायटन येथें स्नानगृह काढून तेथील लोकांस तिची गोडी लाविली. राजा चौथा जॉर्ज हाही त्यांच्या आश्रयदात्यांपैकीं होता. इंग्रजींतील ‘शाम्पू’ हा शब्द हिंदींतील ‘चाँपना’ म्हणजे दाबणें ह्यापासून झाला आहे. केस धुणें हा अर्थ त्यास मागाहून आला.

पूर्वेकडील देशांत बहुधा तेलावांचून, अंगावर वस्त्र ठेवूनच मर्दन करितात. जपानांतील ‘शियात्सु’ ह्या शब्दाचा अर्थच बोटांनीं दाबणें असा आहे. थायलंडांत रोग्यास जमिनीवरील गादीवर निजवून दाबण्याबरोबर हातपाय ताणण्याच्या क्रिया करितात. ह्या विद्येची नोंद युनेस्कोनें २०१९ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली.

आतां परिणामांकडे वळूं. मर्दनानें स्नायूंचा ताठरपणा कांहीं काळ कमी होतो, वेदना सौम्य होतात व मनास स्वस्थता येते. श्रमानंतर स्नायूंत सांचलेलें दुग्धाम्ल चोळण्यानें निघून जातें, अशी समजूत खेळाडूंत रूढ आहे. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं ११ तरुणांकडून कठीण व्यायाम करविला, त्यांचा एकच पाय १० मिनिटें चोळला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. २०१२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, दुग्धाम्लांत फरक पडला नाहीं, परंतु चोळलेल्या पायांत दाहाच्या खुणा कमी आढळल्या. उपयोग खरा, पण कारण वेगळें!

तान्ह्या बालकांविषयीं पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. टिफनी फील्ड व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकेंत अपुऱ्या दिवसांच्या बालकांस दहा दिवस, रोज तीन वेळां पंधरा मिनिटें हलक्या हातानें चोळून पाहिलें. त्या बालकांचें वजन इतरांपेक्षां अधिक वाढलें, असें १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे आपल्या आजीबाईंची रीत मुळांत चांगलीच आहे. परंतु तिच्याबरोबर चालत आलेल्या कांहीं गोष्टी टाकून दिल्या पाहिजेत. बाळाच्या नाकांत तेल सोडूं नये. तें श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतें व घातक दाह उत्पन्न करितें. कानांतही तेल घालूं नये. डोकें वाटोळें व्हावें, नाक सरळ व्हावें म्हणून दाबणें हें निष्फळ व धोक्याचें आहे. अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकास डॉक्टरांस विचारल्यावांचून चोळूं नये.

विद्यार्थ्यांनींही कांहीं नियम ध्यानांत ठेवावे. खेळतांना कोणी पडला व हात किंवा पाय सुजला, तर तो भाग चोळूं नये. हाड मोडलें असेल तर चोळण्यानें तें अधिक हलतें व आंतील रक्तवाहिन्यांस इजा होते. तो भाग स्थिर ठेवावा, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ लावावा व इस्पितळ गांठावें. करकचून बांधलेल्या पट्टीनें रक्त अडून अवयव गमवावा लागतो, हेंही विसरूं नये. घरांतील वडील माणसाची एकच पोटरी सुजून दुखूं लागली तर ती रगडूं नये. शिरेंत रक्ताची गांठ असल्यास ती सुटून फुप्फुसांत जाते व प्राणावर बेतते. ज्वर, जखम किंवा त्वचेचा संसर्ग असतां मर्दन वर्ज्य करावें. आणि मानेस झटका देऊन कडकड आवाज काढणें कोणाकडूनही करवून घेऊं नये. त्यांत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस दुखापत होण्याचें भय असतें.

कोणी म्हणेल, इतकें भय असेल तर ही विद्या सोडूनच कां देऊं नये? आमचें उत्तर असें कीं, विद्या सोडूं नये, अज्ञान सोडावें. जपानांत सतराव्या शतकांत सुगियामा वाइची ह्या अंध वैद्यानें अंधांसाठीं सूचिचिकित्सा व मर्दन शिकविण्याच्या शाळा काढिल्या, आणि ज्यांस जगानें निरुपयोगी ठरविलें असतें त्यांस मानाचा उद्योग मिळाला. इंग्लंडांत हा धंदा बदनाम झाला असतां १८९४ सालीं चार परिचारिकांनीं संस्था स्थापून शिक्षण, परीक्षा व आचाराचे नियम घालून दिले; तेथील आजच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायाची मान्यवर संस्था तिच्यांतूनच वाढली. दोन्हीं ठिकाणीं हात तेच होते. त्यांस शिक्षणाची व शिस्तीची जोड मिळतांच त्यांची प्रतिष्ठा वाढली.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं आजीआजोबांचे पाय खुशाल चेपावे. तें पुण्यकर्मच आहे. मात्र हात लावण्यापूर्वीं ‘येथें दुखतें काय? सूज केव्हांपासून आहे?’ एवढें विचारण्याची सवय लावून घ्यावी. त्या एका प्रश्नानें कदाचित् एखाद्याचा जीवही वांचेल.