ॲप्टची सेटिंग्ज आज्ञेद्वारे कशी विचारावीत

डेबियन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात नवी पॅकेजे आणणे, जुनी अद्ययावत करणे व नकोशी काढून टाकणे हे काम 'ॲप्ट' नावाची व्यवस्था पाहते. डेबियनच्या मार्च १९९९ मध्ये प्रसृत झालेल्या २.१ या आवृत्तीपासून ती उपयोगात आहे. उबंटू, तसेच सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली, या दोन्ही डेबियनवरच आधारलेल्या असल्याने पुढील विवेचन त्यांनाही लागू पडते. प्रस्तुत लेखात आज्ञा उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकित कराव्या लागतात.

काही काळापूर्वी एका कार्यालयातील संगणकांची पाहणी करताना प्रस्तुत लेखकास एक चमत्कारिक प्रकार आढळून आला. सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसाव्यात असे तेथे ठरले होते, आणि त्यासाठीची फाईलही जागच्या जागी होती. तीत 'ॲप्ट::पीरिऑडिक::अनअटेंडेड-अपग्रेड' या सेटिंगचे मूल्य '१' असे स्वच्छ लिहिलेले होते. (हा आकडा दिवसांचा असतो: १ म्हणजे दररोज, ७ म्हणजे आठवड्यातून एकदा, ० म्हणजे मुळीच नाही.) असे असूनही कित्येक महिने एकही सुधारणा बसलेली नव्हती. ज्या ज्या कर्मचाऱ्याने ती फाईल उघडून पाहिली, त्याने त्याने 'ठीक आहे' असाच शेरा दिला होता.

ओळ बिनचूक होती, हे खरेच. परंतु ॲप्ट एकाच फाईलवर विसंबत नाही. 'ॲप्ट_कॉन्फिग' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने एखादी फाईल दाखविली असल्यास ती प्रथम वाचली जाते. त्यानंतर '/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी' या फोल्डरातील फाईली नावांच्या क्रमाने, त्यानंतर 'ॲप्ट.कॉन्फ' ही मुख्य फाईल, आणि सर्वांत शेवटी आज्ञेबरोबर '-ओ' लावून दिलेली मूल्ये. नंतरचे परिपत्रक आधीचे अधिक्रमित करते, तद्वत येथेही नंतर वाचलेले मूल्य आधीच्या मूल्याची जागा घेते.

गोम होती ती नावांच्या क्रमात. आपली फाईल शेवटी वाचली जावी म्हणून तेथील व्यवस्थापकांनी तिच्या नावाच्या प्रारंभी '१००' हा आकडा घातला होता. संगणक मात्र ही नावे संख्या म्हणून न पाहता एकेक अक्षर तुलून लावतो. '१' हे अक्षर '२' च्या आधी येते. म्हणून '१००' ने सुरू होणारी फाईल '२०ऑटो-अपग्रेड्स' या फाईलच्या अगोदर वाचली गेली, आणि त्या दुसऱ्या फाईलमध्ये कोणी तरी पूर्वी '०' नोंदवून ठेवला होता. अखेरचा शब्द त्या शून्याचा ठरला.

अशा वेळी एकेक फाईल चाळीत बसण्यापेक्षा सर्व मूल्ये एकत्र केल्यावर ॲप्टने स्वतः काय धरले आहे, हे त्यालाच विचारावे. त्यासाठी 'ॲप्ट-कॉन्फिग डंप' ही आज्ञा आहे. ती केवळ वाचते, काहीही बदलत नाही; त्यामुळे ती देण्यास सामान्य खाते पुरते. उत्तर बरेच लांब येत असल्याने ते 'ग्रेप' कडे वळवून हवा तो शब्द निवडावा. सेटिंगच्या नावात लहान व मोठ्या रोमन अक्षरांचा भेद ॲप्ट मानत नाही, परंतु ग्रेप मानते. म्हणून ग्रेपला '-आय' हा पर्याय द्यावयास विसरू नये.

एकच मूल्य हवे असेल तर 'ॲप्ट-कॉन्फिग शेल' ही आज्ञा अधिक सोयीची. तिच्यापुढे आपल्या पसंतीचे एक नाव व सेटिंगचे पूर्ण नाव लिहावे; 'नाव='०'' अशा रूपात उत्तर मिळते. सेटिंग कोठेही दिलेले नसल्यास काहीच उमटत नाही. विशेष हे की, रोज सुधारणा बसविणारी ॲप्टची लिपिकाही ती मूल्ये याच आज्ञेने विचारून घेते. म्हणजे आपण जे उत्तर वाचतो, त्याच उत्तरावर तीही वागते.

डंपमधील काही मूल्ये प्रथमदर्शनी अपुरी वाटतात. उदाहरणार्थ, उतरवून घेतलेली पॅकेजे जेथे साठतात त्या 'डिर::कॅशे::आर्काइव्ह्ज' चे मूल्य नुसते 'आर्काइव्ह्ज/' असे दिसते. ते वरच्या फोल्डराच्या सापेक्ष असते. शेल आज्ञेत सेटिंगच्या नावास '/डी' जोडल्यास संपूर्ण मार्ग मिळतो.

याद्यांचा नियम निराळा आहे. ज्या नावाच्या शेवटी '::' येते, तेथे नंतरची फाईल आधीचे मूल्य पुसत नाही, त्यात भर घालते. जुनी यादी रद्द करावयाची असल्यास '#क्लिअर' हा शब्द लिहावा लागतो. तसेच फाईलीच्या नावास एक तर प्रत्यय नसावा किंवा तो '.कॉन्फ' असावा; '.बॅक' प्रत्ययाची फाईल तर ॲप्ट सूचनाही न देता वगळते.

या आज्ञेची एक मर्यादा मात्र ध्यानी असू द्यावी. अमुक मूल्य कोणत्या फाईलमधून आले, हे ती सांगत नाही. ते शोधण्यास त्या फोल्डरावर 'ग्रेप -आर' चालवावे. उपरोक्त कार्यालयात तो शून्य असाच सापडला. '१००' च्या जागी '९९' असे नाव केल्यावर आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा उत्तर '१' आले.

डंपचे उत्तर वरिष्ठ कार्यालयास पाठविण्यापूर्वी त्यातील 'प्रॉक्सी' असलेल्या ओळी आवर्जून पाहाव्यात. प्रॉक्सीच्या पत्त्यातच पुष्कळदा वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड उघडपणे लिहिलेले असतात.