डब्यातले तुकडे

चाकणजवळ एका चाळीत एक कुटुंब राहते. मुलगा कारखान्यात जातो. पगार बरा आहे. किराणा दुकान कोपऱ्यावर आहे. तरी म्हातारीच्या खाटेखाली तीन डबे असतात. एकात तांदूळ, एकात गूळ, एकात भाकरीचे वाळवलेले तुकडे.

एके दिवशी सून म्हणाली, "आत्याबाई, तांदळात पोरकिडे झालेत. टाकून देऊ का?"

म्हातारी डब्यावर हात ठेवून बसली. "मी निवडते. टाकायचं नाव काढू नकोस!"

त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत.

सुनेला वाटले, सासू हेकट आहे. तसे नाही. म्हातारी करमाळ्याकडची. १९७२ साली ती दहा वर्षांची होती. पाऊस गेला. विहिरी आटल्या. गुरे मातीमोल विकली. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडीत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. अमेरिकेची लाल मिलो आली. पोरांना सुकडी मिळे. (सुकडीचे नाव काढले, की आजही कोणी हसते, कोणी तोंड फिरवते.) पोट अर्धेच राही. ती भीती मनात बसली. डबा भरलेला असला, तरच म्हातारीला झोप लागते.

मुलाला तिने याच धाकात वाढवले. "ताटात टाकू नकोस." पोट भरले तरी मुलगा खातो. आता तो आपल्या पोरालाही दामटून खायला लावतो. ही सवय रक्तातून आलेली नाही. ती ताटावर बसून शिकलेली आहे.

शरीराची गोष्ट मात्र निराळी. हॉलंड देशात १९४४-४५ च्या हिवाळ्यात लढाईमुळे अन्न तुटले. लोकांनी फुलझाडांचे कंद खाल्ले. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांना मोठेपणी मधुमेह जास्त आढळला. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बाया व त्यांची बाळे तपासली. बाळे हलकी, सरासरी २.७ किलोची. अंगावर मांस कमी, पण त्या मानाने चरबी जास्त! अर्धपोटी वाढलेले शरीर काटकसर करते, असे डॉक्टर मानतात. अशा माणसाने पुढे भरपूर खाल्ले आणि बसून काम केले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून मुलाने रक्तातली साखर तपासून घ्यावी. पोराला आधीच थोडे वाढावे. लागले तर तो पुन्हा मागेल.

सुनेने डबा फेकला नाही. जुना तांदूळ उन्हात घातला, चाळला, आधी शिजवला. नवा आणून डब्यात भरला. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला.

"आत्याबाई, भरलाय बघा."

म्हातारीने झाकण उघडून पाहिले. मग डबा खाटेखाली सरकवला.