लॅपटॉपची डिस्क बदलताना हिशेब कसा सांभाळायचा?



गटाची वही फाटायला आली की आपण नवी वही आणतो, जुनी शेजारी ठेवतो आणि शिल्लक पुढे ओढतो. लॅपटॉपचंही तसंच करावं लागतं. रोकडवही, कर्जखतावणी, बैठकीची इतिवृत्तं, सभासदांच्या आधार आणि पासबुकाच्या प्रती, हे सगळं आता लॅपटॉपमधल्या एका हार्ड डिस्कवर असतं. ती डिस्क बंद पडली तर पैसे बँकेत राहतात, पण कोणाची बचत किती, कोणाचा हप्ता किती राहिला, हे सांगणारं काही उरत नाही. म्हणून डिस्क चालू आहे तोवरच तिची नक्कल करून घ्यायची. याला 'क्लोन' करणं म्हणतात.

क्लोन म्हणजे काय?
फाईली कॉपी करणं म्हणजे वहीतले आकडे उतरवून घेणं. क्लोन म्हणजे पान नंबरासकट अख्ख्या वहीची झेरॉक्स. विंडोज, हिशेबाचा प्रोग्राम, मराठी टायपिंग, प्रिंटरची जोडणी, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. पुन्हा काही टाकत बसावं लागत नाही.

कधी करायचं?
लॅपटॉप सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, फाईल उघडताना अडकतो, तेव्हा. आतून टकटक आवाज येत असेल तर मात्र क्लोनच्या नादी लागू नका. आधी हिशेबाच्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या. त्याही निघत नसतील तर लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

कोणती डिस्क घ्यायची?
जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. नव्या 'एसएसडी'मध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी वेगाने चालते. आपल्या ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, पण लॅपटॉपला मात्र फास्ट गाडी नक्की मिळते! डिस्क डोंबिवलीत घ्या नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला, माप नीट बघा. जुनी ५०० जीबीची असेल तर दुकानदार म्हणतो, "ताई, ४८० घ्या, तेवढंच आहे." तेवढंच नाही! विंडोजमध्ये ५०० ची डिस्क सुमारे ४६५ दिसते आणि ४८० ची सुमारे ४४७. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच घ्या.

क्लोन करताना
१. आधी हिशेबाच्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या. ही पायरी कोणी चुकवू नये.
२. 'बिटलॉकर'चं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहून ठेवा.
३. चार्जर लावूनच बसा. मध्येच लाईट गेली आणि बॅटरी संपली तर नक्कल अर्धवट राहते.
४. नवी डिस्क यूएसबीच्या केबलने जोडा. निळ्या रंगाचं यूएसबी असेल तर तेच वापरा, काम लवकर होतं. तरी दोन-तीन तास धरून चला.
५. 'क्लोनझिला' हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो 'सोर्स' आणि 'टार्गेट' विचारतो. सोर्स म्हणजे जुनी डिस्क, टार्गेट म्हणजे नवी. हे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे हिशेब पुसले जातात. कंपनीचं नाव आणि माप दोघींनी मोठ्याने वाचा, मगच 'हो' म्हणा.
६. काम झालं की लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढा, नवी बसवा. दोन्ही एकदम जोडून सुरू करू नका.
७. मागच्या महिन्याची शिल्लक वहीशी ताडून बघा.

काम दुकानात देणार असाल तरी एकीने तिथे बसावं. पायरी १ आणि ५ आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हव्यात.

जुन्या डिस्कचं काय?
तीन-चार महिने जपून ठेवा, आणि लॅपटॉप जिथे असतो तिथे ठेवू नका. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण, बदलापूरच्या घराघरांत शिरलं होतं, हे आपल्याला माहीत आहे. दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर दोन्ही भिजतील. जुनी डिस्क भंगारात तर कधीच देऊ नका. नुसतं फॉरमॅट केल्याने आतलं पुसलं जात नाही, आणि त्यात आपल्या बायांचे आधार आहेत.

एक लक्षात ठेवा, क्लोन एकदाच होतो, हिशेब मात्र रोज बदलतात. म्हणून दर महिन्याच्या बैठकीनंतर पेनड्राइव्हवर प्रत घेणं चालूच ठेवायचं.

पुढच्या बैठकीत विचारा
- आपल्या हिशेबाच्या किती प्रती आहेत? कोणाकोणाकडे?
- शेवटची प्रत कोणत्या तारखेची?
- लेखापाल ताई रजेवर असतील तर ती प्रत उघडता येणारी दुसरी कोण?